अल्मोड्याचे स्वप्न आणि नर्तकांचा पगार

भारतीय नृत्य जगाच्या रंगमंचावर नेणारे उदय शंकर यांनी हिमालयाच्या कुशीत एक कलाकेंद्र उभारले. नफा हा त्याचा हेतू नव्हता. मात्र नफा नको म्हटल्याने नर्तकाच्या पोटाचा प्रश्न सुटत नाही, हे त्या केंद्राच्या अल्प आयुष्याने दाखवून दिले.

१९४५ साली झोहरा सेहगल मुंबईत पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्समध्ये दाखल झाल्या, तेव्हा त्यांना दरमहा ४०० रुपये पगार ठरला. तोवर त्या नर्तकी म्हणून जपानपासून अमेरिकेपर्यंत फिरून आल्या होत्या. त्याच सुमारास गुरुदत्त नावाचा एक तरुण पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत करारावर काम करीत होता. १९४६ च्या ‘हम एक हैं’ या चित्रपटाची नृत्ये त्याने बसविली. अंधेरीच्या एका बंगल्यात इप्टाच्या मध्यवर्ती पथकाबरोबर राहून शांती बर्धन नवे नृत्यनाट्य उभे करीत होते. या तिघांना जोडणारा धागा एकच होता. तिघेही अल्मोड्याच्या एका संस्थेतून बाहेर पडले होते. ती संस्था १९४४ साली निधीअभावी बंद पडली होती आणि तिच्या संस्थापकाचे नाव होते उदय शंकर.

उदय शंकर यांचे चरित्र सहसा त्यांच्या देखण्या रूपाच्या, पाव्हलोव्हाबरोबरच्या नृत्याच्या आणि पंडित रविशंकर यांचे थोरले बंधू म्हणून सांगितले जाते. ते सारे खरेच आहे. पण त्यांच्या आयुष्याला आणखी एक बाजू होती. पंधरा-वीस नर्तक आणि वादक यांचा संसार पाठीशी घेऊन त्यांना दोन वेळचे जेवण, डोक्यावर छप्पर आणि महिन्याची काही निश्चित रक्कम कोठून द्यायची, या प्रश्नाशी ते जवळजवळ चाळीस वर्षे झगडत राहिले. त्यांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली आणि प्रत्येक उत्तर काही काळच टिकले.

उदयपूर, मुंबई, लंडन

उदय शंकर यांचा जन्म ८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूर येथे झाला. वडील श्यामशंकर चौधरी हे मूळचे बंगालचे, संस्कृतचे व्यासंगी पंडित. झालावाड संस्थानात त्यांनी दिवाणपद भूषविले. आई हेमांगिनीदेवींच्या माहेरी, गाझीपूरजवळच्या नसरतपूर गावी उदयचे बालपण बरेचसे गेले. तेथे मातादीन नावाच्या, चर्मकार समाजातील एका लोकनर्तकाचे नृत्य तो तन्मयतेने पाहत असे. त्या काळी सुशिक्षित घरातील मुलाने नाचणे ही कल्पनाही कोणाला सहन होण्यासारखी नव्हती. नाच हा पोटासाठी करण्याचा आणि म्हणूनच हलका मानला गेलेला व्यवसाय होता. पैसे घेऊन नाचणाऱ्याला प्रतिष्ठा नाही आणि प्रतिष्ठितांनी नाचले तर पैसे घ्यायचे नाहीत, अशी ती विचित्र विभागणी होती.

उदयने चित्रकार व्हावे असे घरच्यांना वाटत होते. त्यासाठी १९१८ च्या सुमारास तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयातही त्याने संगीताचे धडे घेतले. १९२० साली तो लंडनला गेला आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये विल्यम रोथेनस्टाइन यांच्या हाताखाली शिकू लागला. भारतीय शिल्पे आणि लघुचित्रे पाहण्याची खरी दृष्टी त्याला लंडनच्या संग्रहालयांत मिळाली. पुढे त्याच्या नृत्यात दिसणाऱ्या अनेक मुद्रा आणि अंगविन्यास या अभ्यासातून आले; कोणत्याही एका शास्त्रीय परंपरेचे रीतसर शिक्षण त्याने तोवर घेतले नव्हते.

लंडनमधील हौशी कार्यक्रमांतून त्याचे नाव रशियन नर्तकी अॅना पाव्हलोव्हा यांच्या कानी गेले. भारतीय विषयांवर नृत्ये बसविण्याची त्यांची इच्छा होती. १९२३ साली ‘हिंदू विवाह’ आणि ‘राधा-कृष्ण’ ही नृत्ये तयार झाली. दुसऱ्या नृत्यात पाव्हलोव्हा राधा झाल्या आणि बावीस वर्षांचा उदय शंकर कृष्ण. त्यांच्या कंपनीबरोबर तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला.

या दौऱ्याने त्याला नृत्याइतकीच आणखी एक गोष्ट शिकविली. पाव्हलोव्हांची कंपनी कोणत्याही राजाच्या किंवा सरकारच्या आश्रयावर चालत नव्हती. त्यांच्या एकट्यांच्या नावावर तिकिटे खपत आणि त्या उत्पन्नातून नर्तक, वादक, शिंपी, रंगमंच कामगार अशा सगळ्यांचे पगार निघत. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे, गावोगाव, न थांबता नाचावे लागले. जानेवारी १९३१ मध्ये हेग येथे त्यांचे निधन झाले, तेव्हाही त्या दौऱ्यावरच होत्या. एका नामवंत कलावंताच्या देहावर अनेकांचे पोट अवलंबून राहते, ही व्यवस्था उदय शंकरांनी अगदी जवळून पाहिली. पुढे त्यांची स्वतःची मंडळी नेमकी याच वाटेने गेली.

घरच्यांची मंडळी

पाव्हलोव्हांपासून वेगळे झाल्यावर उदय शंकरांनी लंडन आणि पॅरिस येथे हलाखीची काही वर्षे काढली. रात्रीच्या करमणूकगृहांत मिळेल त्या बिदागीवर नाचावे लागले. याच काळात सिमोन बार्बिए ही फ्रेंच तरुणी त्यांच्याकडे शिकू लागली. ‘सिमकी’ या नावाने ती पुढे त्यांची प्रमुख सहनर्तकी झाली. अॅलिस बोनर या स्विस शिल्पकर्तीने त्यांचे नृत्य पाहिले आणि त्यांच्या कामात ती ओढली गेली. १९३० साली दोघे भारतात आले. मंदिरे, लेणी, निरनिराळ्या प्रांतांतील नृत्ये पाहत ते देशभर हिंडले. या प्रवासाचा आणि पुढे उभ्या राहिलेल्या कंपनीचा आर्थिक भार मुख्यतः बोनर यांनी उचलला. व्यवस्थापनाची बाजूही त्यांनीच सांभाळली.

भारतीय नर्तक-वादकांचा संच हवा होता. पण परदेशी जाऊन रंगमंचावर नाचायला तयार होणारी सुशिक्षित माणसे मिळणार कोठून? उदय शंकरांनी घरातच शोध घेतला. भाऊ राजेंद्र आणि देवेंद्र, धाकटा रवी, काका केदार शंकर, चुलतबहीण कनकलता आणि सगळ्यांची काळजी घ्यायला आई हेमांगिनीदेवी असा सारा परिवार पॅरिसला निघाला. रवी तेव्हा दहा वर्षांचा होता. संगीताची धुरा सरोदवादक तिमिर बरन यांच्याकडे होती. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेत शिकलेले विष्णुदास शिराली हेही मंडळीत होते आणि पुढे अनेक वर्षे उदय शंकरांच्या संगीताची बाजू त्यांनी समर्थपणे सांभाळली.

३ मार्च १९३१ रोजी पॅरिसच्या तेआत्र दे शाँझेलिझे या रंगगृहात या मंडळीचा पहिला मोठा प्रयोग झाला आणि तो गाजला. त्यानंतर युरोपभर दौरे झाले. अमेरिकेत सोल ह्युरोक या बड्या कार्यक्रम-आयोजकाने त्यांना नेले.

या पहिल्या टप्प्यात कलावंतांच्या मोबदल्याचा प्रश्न कुटुंबाच्या चौकटीत विरघळून गेला. पॅरिसच्या घरात सगळे एकत्र राहत आणि एकत्र जेवत. घरच्या माणसाला पगार विचारावा लागत नाही आणि देणाऱ्यालाही हिशेब मांडावा लागत नाही. महाराष्ट्राला ही व्यवस्था अपरिचित नाही. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड असेच गावोगाव हिंडत असे. पण तेथे नट पगारी होते आणि मालक व नोकर हे नाते उघड होते. शंकर मंडळीत ते नाते भाऊ आणि धाकटे भाऊ, गुरू आणि शिष्य या नात्यांखाली झाकलेले होते. मंडळी लहान होती, दौरे जोरात होते, बोनर यांचे पाठबळ होते, तोवर या झाकण्याने काही बिघडले नाही.

हळूहळू मंडळीत घराबाहेरची माणसे येऊ लागली. १९३५ साली झोहरा मुमताज या उच्चशिक्षित तरुणीने प्रवेश केला. याच पुढे झोहरा सेहगल म्हणून प्रसिद्ध झाल्या. मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ एका दौऱ्यात सामील झाले आणि त्यांच्या सहवासाने रवीच्या आयुष्याला वळण मिळाले. १९३८ मध्ये तो नृत्य सोडून सतार शिकायला मैहरला गेला. बोनर यांनीही १९३५ नंतर मंडळीचे व्यवस्थापन सोडले आणि त्या काशीत स्थायिक झाल्या. पहिला आश्रय असा सरला.

देणगीतून उभे राहिलेले केंद्र

दौऱ्यांच्या धावपळीत नवनिर्मितीला उसंत मिळत नाही, ही खंत उदय शंकरांना होती. भारतात एक असे केंद्र असावे, जेथे निरनिराळ्या परंपरांचे गुरू एकत्र शिकवतील आणि नर्तकांना तिकीटविक्रीची चिंता न करता साधना करता येईल, असे स्वप्न ते पाहू लागले. रवींद्रनाथ टागोरांनी त्यांना प्रोत्साहन दिले होते. इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉल येथे लेनर्ड आणि डोरोथी एल्महर्स्ट या दांपत्याने शिक्षण, शेती आणि कला यांचा एक अभिनव प्रयोग चालविला होता. लेनर्ड पूर्वी टागोरांबरोबर श्रीनिकेतनच्या कामात होते. डोरोथी या एका अमेरिकन धनिक घराण्याच्या वारस होत्या. या दांपत्याने सुमारे २० हजार पौंडांची देणगी दिली आणि १९३८ साली अल्मोड्याजवळ उदय शंकर इंडिया कल्चर सेंटरचा प्रारंभ झाला.

केंद्राचा आराखडा मोठा होता. कथकलीसाठी शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमसाठी कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीसाठी अमोबी सिंग आणि संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ अशी एकेका परंपरेतील अधिकारी मंडळी तेथे आली. शिवाय उदय शंकरांचा स्वतःचा वर्ग असे. त्यात चालणे, थांबणे, पाहणे यांपासून नवे नृत्य कसे सुचते येथवरचे शिक्षण होते. विद्यार्थ्यांमध्ये गुरुदत्त, शांती बर्धन, नरेंद्र शर्मा, सचिन शंकर, प्रभात गांगुली, लक्ष्मी शास्त्री (नंतरच्या गायिका लक्ष्मी शंकर), अमला नंदी अशी नावे होती. अमला आणि उदय शंकर यांचा विवाह १९४२ साली झाला.

केंद्राचा हेतू नफा मिळविण्याचा नव्हता. आज अशा संस्थेविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. ना-नफा म्हणजे कोणी पैसे घ्यायचे नाहीत, असा अर्थ लावला जातो. आपल्याकडे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली ललित कलांच्या संस्था स्थापन होत आल्या आहेत, आणि पुढे महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. शिल्लक राहिलेली रक्कम सभासदांनी वाटून घ्यायची नाही, ती संस्थेच्या हेतूसाठीच वापरायची, हे अशा संस्थांचे मूळ तत्त्व. काम करणाऱ्याला कामाचा योग्य मोबदला देण्यास त्यात आडकाठी नाही. उलट कलासंस्थेचा सर्वांत मोठा आणि सर्वांत न्याय्य खर्च कलावंतांच्या मोबदल्याचाच असतो. मात्र संस्था नफ्यासाठी नाही म्हटले की इमारतीचे भाडे, विजेचे बिल, छपाईचा खर्च हे सगळे आधी भागविले जाते आणि त्यागाची अपेक्षा नर्तकाकडून केली जाते.

अल्मोड्याच्या केंद्राचा प्रपंच पाहिला की पेच लक्षात येतो. खर्च बारमाही होता. गुरूंचे मानधन, वादकांचे पगार, कर्मचारी, भोजनगृह, वेशभूषा, वाद्यांची देखभाल यांपैकी काहीही थांबविता येण्यासारखे नव्हते. उत्पन्न मात्र हंगामी होते. विद्यार्थ्यांची फी थोडी, उन्हाळी वर्गांचे काही उत्पन्न आणि हिवाळ्यात मैदानी प्रदेशात केलेल्या दौऱ्यांची तिकीटविक्री. मधली तूट देणगीतून भरून काढायची. दौरा चांगला झाला की केंद्राचे काही महिने निघत. दौरा फसला की तेवढेच महिने अंगावर येत. पुन्हा प्रेक्षक येत ते उदय शंकरांना पाहण्यासाठी. केंद्रात अभ्यास व्हावा म्हणून ते थांबले तर उत्पन्न थांबे. उत्पन्नासाठी ते फिरले तर अभ्यास थांबे. दौऱ्यांपासून सुटका व्हावी म्हणून काढलेले केंद्र पुन्हा दौऱ्यांवरच येऊन टेकले होते.

दुसरा पेच अधिक नाजूक होता. एकच तरुण सकाळी विद्यार्थी असे आणि हिवाळ्यात रंगमंचावरचा नर्तक. विद्यार्थी म्हणून त्याने फी द्यायची, की नर्तक म्हणून त्याला मोबदला मिळायचा? प्रयोग हा शिक्षणाचा भाग मानला तर त्यातून येणारे उत्पन्न कोणाचे? गुरुकुलाच्या परंपरेत हे प्रश्न विचारले जात नाहीत. शिष्य गुरूच्या घरी राबतो आणि विद्या घेतो. तिकिटे विकणाऱ्या आधुनिक संस्थेत मात्र ते उठल्याशिवाय राहत नाहीत. शेवटच्या वर्षांत केंद्रात कुरबुरी वाढल्या. अठरा-वीस वर्षांची मुले पंचविशीची झाली, काहींची लग्ने झाली. शिकण्याच्या आनंदावर संसार चालत नाही, हे त्यांना उमगू लागले.

विशेष म्हणजे याच काळात उदय शंकरांनी ‘श्रम आणि यंत्र’ हे नृत्यनाट्य रचले. यंत्राला जुंपलेला मजूर, त्याचे यंत्रवत होत गेलेले शरीर आणि त्यातून उसळणारे बंड हा त्याचा विषय. देवदेवतांच्या कथांपलीकडे जाऊन कामगारांचे जीवन भारतीय नृत्यात आणणारी ती एक अग्रगण्य रचना होती. ती साकारणारे नर्तक स्वतःही एका अर्थाने कामगारच होते. त्यांच्या श्रमाला बाजारात ठरलेला दर नव्हता, एवढाच फरक.

दुसऱ्या महायुद्धाने शेवटचा आधार काढून घेतला. परदेश दौरे बंद झाले, परदेशी मदतीचा ओघ आटला, देशातील प्रवास आणि धान्य दोन्ही महाग झाले. १९४४ साली केंद्राचे दरवाजे बंद झाले.

पांगलेले शिष्य

केंद्रातून बाहेर पडलेल्यांनी पोटाची जी वाट धरली, ती पाहिली म्हणजे त्या काळातील कलावंताच्या अर्थकारणाचा नकाशाच समोर येतो. गुरुदत्त चित्रपटात गेले. झोहरा आणि त्यांचे पती कामेश्वर सेहगल यांनी आधी लाहोरला स्वतःची नृत्यसंस्था काढली; ती सोडून त्यांना मुंबई गाठावी लागली आणि पृथ्वी थिएटर्सच्या पगाराने झोहरांना स्थैर्य दिले. तेथे त्या अभिनय करीत आणि नृत्येही बसवीत. सिमकी यांनी १९५१ च्या ‘आवारा’मधील गाजलेले स्वप्नदृश्य बसविले. नरेंद्र शर्मा दिल्लीच्या मॉडर्न स्कूलमध्ये नृत्यशिक्षक झाले. शाळेच्या पगारावर निर्धास्त राहून त्यांनी नवी नृत्ये रचली आणि पुढे ‘भूमिका’ ही स्वतःची संस्था उभारली. सचिन शंकर यांनी मुंबईत आपले बॅले युनिट चालविले.

शांती बर्धन यांची वाट सर्वांत खडतर होती. इप्टाच्या मध्यवर्ती पथकात सगळे कलावंत अंधेरीला एकत्र राहत. खाणे-पिणे सामाईक, हातात जेमतेम खर्चापुरते पैसे आणि पाठीशी राजकीय ध्येयवाद अशी ती व्यवस्था होती. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ या रचना तेथे झाल्या. दुसरीचे संगीत रविशंकरांचे होते. ध्येयाची ऊब ओसरली तेव्हा पथकही विखुरले. क्षयाने खंगलेल्या बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप स्थापन केले. माणसांनी कठपुतळ्यांसारखे हलून सादर केलेले त्यांचे ‘रामायण’ आजही भारतीय नृत्यनाट्याच्या इतिहासात मानाने उल्लेखिले जाते. १९५४ साली, अवघ्या अडतिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. पत्नी गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांनी संस्था जिवंत ठेवली. पण ती मुंबईत राहू शकली नाही. आधी ग्वाल्हेर आणि नंतर भोपाळ येथे तिला आश्रय मिळाला.

या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. नियमित पगार मिळाला तो चित्रपट कंपनीत, नाटक कंपनीत किंवा शाळेत. केवळ नृत्यासाठी असलेल्या संस्थेत तो कोणालाच फार काळ मिळाला नाही.

पडद्यावरचे अल्मोडा

केंद्र बंद पडले तरी उदय शंकरांनी हार मानली नव्हती. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत त्यांनी ‘कल्पना’ या चित्रपटाचे काम हाती घेतले. नर्तकांचा मोठा ताफा, अमलादेवी, विष्णुदास शिरालींचे संगीत आणि कित्येक नृत्यदृश्ये असा हा पट १९४८ साली प्रदर्शित झाला. एक लेखक आपली कथा घेऊन चित्रपट निर्मात्याकडे जातो आणि निर्मात्याचे लक्ष मात्र तिकीटबारीकडे असते, येथून चित्रपट सुरू होतो. कथेतील नायक उदयन हिमालयात कलाकेंद्र काढतो आणि त्यासाठी पैसा उभा करताना त्याची होणारी दमछाक प्रेक्षकांपुढे येते. संस्थानिक आणि धनिक यांना भुरळ घालून त्यांच्याकडून निधी मिळविण्याची खटपट, त्यांची पोकळ रसिकता यांवर उदय शंकरांनी पोटभर उपहास केला आहे. अल्मोड्याला जे हिशेबाच्या वहीत राहिले, ते त्यांनी येथे नृत्यातून मांडले.

दुर्दैवाने चित्रपटातील निर्मात्याचे भाकीत चित्रपटालाच लागू पडले. ‘कल्पना’ला व्यावसायिक यश मिळाले नाही. जाणकारांनी वाखाणलेला हा चित्रपट पुढे विस्मृतीत गेला. दशकांनंतर मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनने त्याची प्रत पुनरुज्जीवित केली आणि २०१२ साली कान महोत्सवात ती दाखविली गेली. नव्वदी ओलांडलेल्या अमला शंकर त्या वेळी उपस्थित होत्या.

उत्तरायुष्य

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती बदलली. १९५३ साली संगीत नाटक अकादमी स्थापन झाली. राजे-रजवाड्यांच्या जागी सरकार आश्रयदाते झाले. उदय शंकरांना मान भरपूर मिळाला. १९६२ मध्ये अकादमीचे सदस्यत्व, १९७१ मध्ये पद्मविभूषण. मंडळी मात्र प्रत्येक दौऱ्यासाठी नव्याने जमवावी लागे आणि दौरा संपला की पांगे. नृत्यनाट्याची ताकद सामूहिक सरावात असते. वीस जणांचे अंग एका श्वासाने हलायचे तर ते वीस जण वर्षानुवर्षे एकत्र राहायला हवेत. त्यांना बारा महिने सांभाळण्याची ऐपत नसेल, तर प्रत्येक वेळी नव्या माणसांना पहिल्यापासून शिकवावे लागते. उदय शंकरांच्या उत्तरकाळातील अनेक रचना आज पुन्हा उभ्या करता येत नाहीत, याचे एक मोठे कारण हेच आहे. त्या ज्यांच्या शरीरात जिवंत होत्या, ती शरीरे एकत्र राहिली नाहीत.

तरीही निर्मिती थांबली नाही. टागोरांच्या जन्मशताब्दीला, १९६१ साली, त्यांनी ‘सामान्य क्षति’ रंगमंचावर आणले. संगीत रविशंकरांचे होते. थंडीत ऊब मिळावी म्हणून राणी गरिबांच्या झोपड्या पेटवून देते आणि राजा तिला भिक्षा मागून ते नुकसान भरून देण्याची शिक्षा फर्मावतो, ही टागोरांच्या कवितेतील कथा. इतरांच्या कष्टाची किंमत सुखवस्तूंना कळत नाही, हा तिचा आशय. १९६५ साली कोलकात्यात उदय शंकर इंडिया कल्चर सेंटर पुन्हा सुरू झाले. ते अमलादेवींनी पुढे अनेक वर्षे चालविले. हे केंद्र शिकवणीच्या फीवर उभे होते आणि म्हणूनच ते टिकले. विद्यार्थी पैसे देऊन शिकत. मोठ्या मंडळीला पगार देण्याचे ओझे त्याच्यावर नव्हते. १९७० मध्ये चित्रपट आणि रंगमंच यांचा मेळ घालणारे ‘शंकरस्कोप’ त्यांनी सादर केले. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा हा कलावंत अजूनही नवे काही करू पाहत होता.

२६ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकात्यात उदय शंकर यांचे निधन झाले.

त्यांच्या अपयशाचा दोष एकट्या त्यांच्याकडे जात नाही. कुटुंब, परदेशी स्नेही, तिकीटबारी, देणगीदार, चित्रपट आणि सरकार असे त्या काळात जे जे आश्रय उपलब्ध होते, ते सगळे त्यांनी आजमावले. त्यांतील प्रत्येकाने प्रयोगाला, इमारतीला, पुरस्काराला पैसा दिला; सरावाच्या महिन्यांना कोणी दिला नाही. रंगमंचावरच्या दोन तासांची बिदागी मिळते, त्यामागच्या सहा महिन्यांच्या घामाची नोंद कोठेच होत नाही. आजही महाराष्ट्रात नृत्यनाट्य बसविणाऱ्या संस्थेला ‘नाईट’चे पाकीट कसेबसे देता येते, तालमीचे मानधन विचारणारा नर्तक मात्र अजूनही व्यवहारी ठरतो.

अल्मोड्याला जे पाच-सहा वर्षांत घडले, त्यावर भारतीय नृत्य, नाट्य आणि चित्रपट यांनी पुढची कित्येक वर्षे गुजराण केली. गुरुदत्तांच्या गीतदृश्यांतील लय, झोहरा सेहगल यांचा शंभरीपर्यंत टिकलेला रंगमंचीय डौल, बर्धन यांच्या कठपुतळ्या, सचिन शंकरांचे बॅले ही त्या केंद्राची कमाई. ती संस्थेच्या ताळेबंदात कधी दिसली नाही. दिसली असती, तर कदाचित १९४४ च्या त्या वर्षी कोणीतरी आणखी काही महिन्यांचे पगार भरायला पुढे आले असते.